पाण्यावर नाकाबंदी नसते

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील नागपूरच्या सदरमधल्या छापखान्यातून गठ्ठे आणायचे आणि जेवणं झाली की आम्ही सगळे जमिनीवर बसून कागदांच्या घड्या घालायचो. हुंड्याविरुद्धची पत्रकं असत, धरणात गेलेल्या गावांची असत, पण सगळ्यात जास्त असत ती दारूविरुद्धची. त्यांतली दारू नेहमी गुत्त्यावरची असे. पिणारा फाटका असे, त्याची बायको रडत असे. मोटारगाडी असलेल्या, हसऱ्या, सगळ्यांचे लाड करणाऱ्या माणसाच्या दारूबद्दल मी कुठल्याच पत्रकात काही वाचलं नव्हतं.

माझे मामा तसे होते. आईचे मोठे भाऊ. बुटीबोरीत त्यांचा लहानसा कारखाना आहे. आमच्याकडे आले की ते पत्रकाची घडी सफाईनं घालून देत आणि वडिलांना म्हणत, "भाऊजी, हे माझ्यासारख्यायले वाटत जा. मी रोज वाचतो अन् रोज घेतो." वडीलही हसत. मामांवर रागावणं कुणाला जमत नसे.

त्यांना एका गोष्टीचा मात्र अभिमान होता. पिऊन ते गाडी चालवत नसत. शहरात शिरणाऱ्या रस्त्यांवर पोलिसांची नाकाबंदी वाढली, यंत्रात फुंकायला लावू लागले, तेव्हापासून कुठे पार्टी असली की मामा दिवसभरासाठी ड्रायव्हर ठरवत. हा ड्रायव्हर चहाशिवाय काही घेत नसे. मामा त्याला सगळ्यांसमोर शाबासकी देत आणि म्हणत, "कायदा म्हणजे कायदा." त्यांच्या ओळखीतल्या सगळ्यांनीच मग तसे ड्रायव्हर धरले होते.

पुढे त्यांनी बोट घेतली. नागपूरहून दीडेक तासावर एका धरणाच्या फुगवट्याला लागून त्यांचं शेत आहे. तिथल्या काठावर ती फायबरची पांढरी बोट बांधलेली असे. मागे पेट्रोलचं इंजिन, बसायला तीन आडव्या फळ्या. बोट मामाच चालवत. दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती आणि शिकवायची त्यांना इच्छाही नव्हती.

गेल्या हिवाळ्यात मामीनं देवीला रोडग्यांचा नवस फेडायचं ठरवलं. माझ्या मामेबहिणीला, आम्ही तिला ताई म्हणतो, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस गेले होते. सातवा महिना लागला होता. देवी फुगवट्याच्या पलीकडच्या काठावर. जुना रस्ता पाण्याखाली गेला, म्हणून तिकडे जायचं तर बोटीनं, नाहीतर सगळा फुगवटा वळसा घालून, जंगलातल्या खडबडीत वाटेनं. ताईला त्या वाटेवर गाडीचे धक्के नकोत, म्हणून बोट. हे मामांनीच सुचवलं आणि तेव्हा ते सगळ्यांना शहाणपणाचं वाटलं.

आम्ही पाच जण होतो. मामा, मामी, ताई, आई आणि मी. ताईच्या नवऱ्याची कामावर पाळी होती, तो आला नाही. ड्रायव्हर गाडीपाशी अलीकडच्या काठावर थांबला. गाडीच्या डिकीत नारंगी लाइफ जॅकेटं होती, दुकानातून आणलेल्या प्लास्टिकमध्ये तशीच. मी ती काढायला लागले तर मामी म्हणाली, "राहू दे वं, तिकडे राखेत खराब होतील." ताईनं एक अंगाला लावून पाहिलं. पट्टा पोटावरून पुरतच नव्हता. ती हसली आणि ते परत ठेवून दिलं.

सकाळचं पाणी सपाट होतं. बुडालेल्या जंगलाचे वाळके खुंट एका बाजूला पाण्यातून वर आलेले दिसत होते. मामा त्यांच्यापासून लांबून, मोठा वळसा घेऊन गेले. ताईनं पाण्यात बोटं बुडवली. मला त्या वेळी काही वाटलं नाही.

पलीकडे गोवऱ्या पेटवल्या. मामीनं मोठ्या परातीत जाडसर कणीक मळली, कणकेचे पदर एकावर एक घालून रोडग्यांचे गोळे केले आणि निखाऱ्यात पुरले. आईनं वांग्यांची भाजी टाकली. देवीला नैवेद्य दाखवला. राख झटकून रोडगा फोडायचा, त्याच्या पोटात तूप ओतायचं, हे काम मामांचं. त्यांनी पहिला रोडगा ताईच्या पानात ठेवला आणि म्हणाले, "दोघायचा आहे, दोन खा."

आमच्याकडे अशा वेळी एक ठरलेली रीत असते. नैवेद्य होईपर्यंत दारूचं नाव निघत नाही. जेवणं झाली की पुरुष उठतात आणि कुठेतरी मागे जातात, देवळामागे, झाडामागे. बायका भांडी घासतात. ते कुठे गेले हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर येतं, "बसले आहेत." मी लहानपणापासून हा शब्द ऐकत आलेय आणि माझ्या घरातल्या एकाही पत्रकानं त्याला हात लावलेला नव्हता. पलीकडच्या गावातले दोन ओळखीचे गडी जेवायला आले होते. त्यांच्याबरोबर मामा देवळामागे गेले. दुपार कलली. भांडी घासून झाली, परात वाळली, ताई चटईवर एक झोप काढून उठली.

मग वारं सुटलं. पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या आणि बोट दोरीला हिसके द्यायला लागली. मी देवळामागे गेले. ते दोन गडी झाडाला टेकून डोळे मिटून पडले होते. मामा उभे होते, पण चप्पल शोधत होते आणि चप्पल त्यांच्या पायातच होती.

मी आईकडे आले. "आई, मामाजींनी खूप घेतली आहे. बोट कशी चालवतील?"

आईनं परात पोत्यात भरता भरता माझ्याकडे बघितलं. "थोडी घेतली असन. त्याले पचते."

"ताई आहे बोटीत."

"म्हणूनच हळू चालवन. तू काही बोलू नको. त्याच्या पोरीच्या नवसाचं जेवण आहे, त्याचं मन मोडू नको."

मामा आले तेव्हा मी बोटीच्या दोरीवर पाय ठेवून उभी राहिले. मी म्हणाले, "मामाजी, थोडं थांबू. नाहीतर गावातल्या कुणाला मोटरसायकलीवर पाठवू. तो ड्रायव्हरले सांगन, गाडी वळसा घालून इकडे येईल." फोन करता आला असता तर केला असता, पण तिकडे रेंज नव्हती.

"काहून वं? अंधारात जंगलातून नेतं का पोरीले?"

"तुम्ही प्यायले आहात."

मामी गोवऱ्यांचे निखारे विझवत होती, ती थांबली. तो शब्द आमच्या घरात मामांच्या तोंडावर कुणी वापरला नव्हता. मामांना राग आला नाही. ते हसले, आणि मला जास्त भीती त्या हसण्याची वाटली.

"मी गाडी चालवून राहिलो का? गाडीसाठी माणूस ठेवला आहे नं. हे पाणी आहे पोरी. पाण्यावर नाकाबंदी नसते." मग मामीकडे वळून म्हणाले, "भाऊजीनं हिले पत्रकं खाऊ घालून मोठी केली. रोडगा कुठून पचन?"

मामी हसली. ताईही थोडी हसली, वडील बोलले की तिला हसायची सवय होती. मग ती पोटाखाली हात धरून जपून बोटीत चढली आणि मधल्या फळीवर बसली. "ये नं," ती मला म्हणाली. "बाबा नेहमीच चालवतात."

ती बसली, मग मी बसले. तिला त्या पाण्यावर एकटं सोडून मी काठावर कोणत्या तत्त्वासाठी उभी राहणार होते? मी तिच्या मागे, मामांच्या जवळ जागा घेतली. आई आणि मामी पुढच्या फळीवर, त्यांच्या पायाशी भांड्यांचं पोतं.

इंजिनाला एक लाल दोरी असते. तिचं एक टोक इंजिनाच्या बटणात अडकवलेलं आणि दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटात घालायचं. माणूस पडला तर दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. मामा ती मनगटात घालत नसत. तशीच लोंबत ठेवत. ती माझ्या हाताला लागत होती.

सुरुवातीला ते बरे होते. मग वाऱ्याबरोबर लाटा आडव्या यायला लागल्या आणि बोट आपटायला लागली. प्रत्येक आपटण्याबरोबर ताईचे खांदे वर उचलले जात. तिनं दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली होती. पाणी बाजूनं आत येऊन आमच्या पायात खेळत होतं. मला पोहता येत नाही. ताईला येतं, पण सातव्या महिन्यात, ओल्या साडीत, थंड पाण्यात कुणाला पोहता येतं? मी मनात एकच हिशेब करत होते. बोट उलटली तर मी तिचा हात धरायचा, की मी धरल्यानं तीच बुडेल?

"हळू चालवा," मामी म्हणाली. सकाळपासून तिनं पहिल्यांदा त्यांना काही सांगितलं होतं.

"अवं, उजेड चालला. असं आडवं घेतो, लवकर पोचतो."

आडवं म्हणजे खुंटांमधून. सूर्य खाली गेला होता आणि पाणी शिशासारखं झालं होतं. काही खुंट वर दिसत होते. काही पाण्याच्या लगेच खाली होते, त्यांच्याभोवती नुसती एक सुरकुती दिसे. मी बोटानं दाखवत होते, "इकडे, मामाजी, इकडे आहे." मामा म्हणत होते, "दिसून राहिलं मले," आणि बघत होते भलतीकडे. एक बगळा खुंटावरून उडाला, तेव्हा कळलं की तो खुंट आमच्या अगदी समोर होता. मामांनी इंजिनाचा दांडा ओढला. बोट एका बाजूला कलली, आणि खालून काहीतरी लागलं.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. तडकल्याचा नाही, घासल्याचा. बोट थांबली आणि आम्ही थांबलो नाही. ताई फळीवरून पुढे फेकली गेली आणि भांड्यांच्या पोत्यावर, परातीच्या काठावर पोट टेकून पडली. ती ओरडली नाही. तिच्या तोंडून एक श्वास बाहेर आला, तेवढाच.

इंजिन अजून भुरभुरत होतं आणि मामा ते आणखी जोरात करत होते, बोट निघावी म्हणून. बोट खुंटावर गोल फिरायला लागली. मी लाल दोरी पकडली आणि ओढली. एकदम शांत झालं.

"दोरी दे," मामा म्हणाले.

"नाही."

"पोरी, दोरी दे. वारं आहे. इथं अडकून राहू."

ते उठून माझ्याकडे आले तशी बोट त्यांच्या बाजूला झुकली आणि पाण्याची एक ओंजळ माझ्या मांडीवर आली. मी दोरी ब्लाउजमध्ये खुपसली. मला वाटलं, आता संपलं. मी त्यांना अडवलं म्हणून आपण बुडणार. त्या क्षणी आई बोलली. ती पुढे ताईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिनं आवाज चढवलासुद्धा नाही.

"दादा, बस खाली."

मामा तिच्याकडे बघत राहिले. तिनं त्यांना आयुष्यात कधी काही करायला सांगितलं नसावं. ते खाली बसले, बोटीच्या तळाशी, पाण्यात.

बोटीत वल्हं एकच होतं. ते मामीनं घेतलं. मी पुढे वाकून पोत्यातून परात काढली आणि दुसऱ्या बाजूनं पाणी ओढायला लागले. बोट खुंटावरून सुटली. परातीनं बोट चालत नाही, नुसती वळते. पण मामी एका बाजूनं ढकले आणि मी दुसऱ्या बाजूनं वळण मोडे, असं करत आम्ही निघालो. वारं सुदैवानं आमच्या काठाकडेच जात होतं. हात बधिर झाले. मी सारखी ताईला विचारत होते, "हलून राहिलं का? ताई, हलून राहिलं का?" तिचे दोन्ही तळवे पोटावर होते. ती ऐकत होती, हातांनी.

काठावर ड्रायव्हर पाण्यात उतरून उभा होता. त्यानं बोट ओढली, ताईला उचलून गाडीत बसवलं. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "हलत नाही. पडले तेव्हापासून नाही."

त्यानंतरचा रस्ता मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. आईचे ओठ हलत होते. मामी ताईच्या पायाला हात चोळत होती. मामा पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, कपडे ओले. शहराजवळ आडवे लावलेले लोखंडी कठडे आले आणि गाडी थांबली. पोलिसानं काच खाली करायला लावून यंत्र आत धरलं. ड्रायव्हरनं फुंक मारली. पोलिसानं आकडा बघितला, मग मामांकडे बघितलं, गाडीत वास होताच.

"ड्रायव्हर ठेवला, चांगलं केलं," तो म्हणाला. "सगळे असेच शहाणे असते तर आम्हाला इथं उभं राहावं लागलं नसतं."

मी मागून ओरडले की दवाखान्यात जायचं आहे. त्यानं ताईला बघितलं आणि कठडा स्वतः ओढून बाजूला केला.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात ताईला आत नेलं. मामांना सिस्टरनं दारातच थांबवलं. "तुम्ही बाहेर बसा. वास येतो," ती म्हणाली. आम्ही तिघी आत. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी पोटाला थंड काहीतरी लावलं आणि छोटं यंत्र फिरवायला लागल्या. खरखर. नुसती खरखर. त्यांनी ते डावीकडे नेलं, खाली नेलं. ताई छताकडे बघत होती. मी माझ्याच मनगटाला चिमटा धरला होता, त्याचा वळ दुसऱ्या दिवशीही होता.

मग तो आवाज लागला. घोडा पळतो तसा, भराभर, भराभर. मामी खाली जमिनीवरच बसली.

"आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आज रात्री इथंच ठेवू, लक्ष ठेवावं लागेल. मार कसा लागला?"

"पाय घसरला," मामी खालूनच म्हणाली. "ओल्या फरशीवर."

डॉक्टर लिहायला लागल्या. ताईनं मान वळवली. "फरशीवर नाही," ती म्हणाली. "बाबा दारू पिऊन बोट चालवत होते. खुंटाले धडकली."

डॉक्टरांचा हात थांबला. "असं लिहिलं तर पोलिसांना कळवावं लागेल."

"पोरी, तुझा बाप आहे," मामी म्हणाली.

ताईनं तिच्याकडे बघितलं नाही. तो आवाज अजून चालू होता आणि ती तिकडेच कान लावून होती. "कळवा," ती म्हणाली.

मी बाहेर आले तेव्हा मामा बाकावर बसले होते. पायाखाली पाण्याचं थारोळं. मी सांगितलं की ठोके आहेत. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग मी सांगितलं की पोलीस येतील.

"मी गाडी नाही चालवली," ते हळूच म्हणाले. त्यांना हे अजूनही खरंच कळत नव्हतं, असं मला वाटलं.

थोड्या वेळानं हवालदार आला. त्यानं पहिला प्रश्न केला, "गाडीचा नंबर सांगा."

"गाडी नाही," मी म्हणाले. "बोट."

"बोटीचा नंबर?"

बोटीला नंबर नव्हता. त्यानं पेन खिशाला लावलं आणि कोपऱ्यात जाऊन फोन केला. "साहेब, बोट आहे. हो, पाण्यातली. नाही, मोटार बोट. पिऊन चालवली म्हणतात. त्याला आपण..." मग तो नुसतं "हो, हो" म्हणत राहिला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. "बेदरकारपणे नाव हाकणं हा गुन्हा आहे, म्हणतात साहेब. हद्द धरणाकडच्या ठाण्याची आहे, पण जबाब इथं घेऊन पाठवायचा." त्यानं मामांकडे पाहिलं. "यांची रक्ततपासणी होईल. उठा काका."

मामा उठायला गेले आणि पुन्हा बसले. मला वाटलं होतं की कायदा येईल तेव्हा मी ताठ उभी असेन. आमच्या पत्रकांत कायदा येतो तेव्हा माणसं आनंदानं जमतात. इथे एक ओला म्हातारा होता, ज्यानं मला खांद्यावर बसवून पोळ्याचे बैल दाखवले होते, आणि मला त्याच्यासाठी भीती वाटत होती. त्याला कुठे नेतील, रात्रभर कुठे बसवतील, त्याच्याशी कसे बोलतील, हे मला दिसत होतं.

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. या वेळी तिनं मला गप्प राहा म्हटलं नाही.

"बोटीत कोण होतं?" हवालदारानं विचारलं. "कुणी डोळ्यांनी बघितलं का?"

मामांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. आतून, दाराआडून, तो भराभर पळणारा आवाज येत होता.

"मी होते," मी म्हणाले. "लिहा."